मंदगती इंटरनेट जोडणी आणि संगणक आज्ञावलींचे अद्यतन : ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : अद्यतन, मंदगती जोडणी, संगणक प्रयोगशाळा, स्थानिक जाळे, सुरक्षा

प्रस्तावना :

आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळा ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. प्रवेश, परीक्षा अर्ज, अंतर्गत गुणांची नोंद, शिष्यवृत्तीची प्रकरणे आणि नॅकसाठी भरावयाची माहिती यांपैकी एकही काम आज संगणकाशिवाय होत नाही. इंटरनेट जोडणी मात्र या कामांच्या प्रमाणात वाढलेली नसते. मंचरसारख्या बाजारपेठेच्या गावी ती बरी असते. पश्चिमेकडे डोंगरी भागात जावे तसतशी ती क्षीण होत जाते. अनेक ठिकाणी एकच जोडणी कार्यालय, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांत वाटलेली असते. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की तीही नाही, आणि मग प्राध्यापकांच्या मोबाइलमधील डेटावर दिवस काढावा लागतो.

अशा परिस्थितीत संगणकाच्या पडद्यावर अद्यतनाची, म्हणजेच 'अपडेट'ची सूचना आली की ती अडचण वाटणे स्वाभाविक आहे. 'ते बंदच करून ठेवा' हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. देखभाल करार, म्हणजे एएमसी, घेणारे तंत्रज्ञही पुष्कळदा हाच मार्ग पत्करतात, कारण त्यामुळे तक्रारी तात्काळ थांबतात. हा सल्ला महाविद्यालयास महागात पडू शकतो. जोडणीची गती कमी असली तरी अद्यतन करता येते. अट एवढीच की तीच वस्तू त्या अरुंद वाटेने पुनःपुन्हा आणावयाची नाही. हे कसे साधावे याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ते प्रामुख्याने संगणकशास्त्रेतर विषयांच्या प्राध्यापकांसाठी आहे, कारण प्रयोगशाळेची जबाबदारी अनेकदा त्यांच्याकडेच येते.

मंदगती म्हणजे किती ?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी दूरध्वनीमार्गे मिळणारी गती ९.६ केबीपीएस इतकी होती. त्या गतीने १ एमबीची फाइल उतरवण्यास सुमारे १४ मिनिटे लागत. पुढे २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस गतीच्या जोडणीस 'ब्रॉडबँड' म्हणावे असे ठरले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. राष्ट्रीय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान शिक्षण अभियानाची सुरुवात २००९ मध्ये झाली आणि त्याखाली महाविद्यालयांना ५१२ केबीपीएसच्या जोडण्या देण्यात आल्या, हे अनेक सहकाऱ्यांस स्मरत असेल.

येथे एका विरोधाभासाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत, आणि त्यांचे संकेत प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणले जातात. ही उभारणी १९९० च्या दशकातील आहे. म्हणजे या परिसरातील गावांच्या घरोघरी इंटरनेट पोहोचण्याच्या कितीतरी आधी इथल्या मातीखालून दूरच्या दीर्घिकांचे संकेत वाहू लागले होते.

गतीचा हिशेब करताना एक घोटाळा नेहमी होतो. जोडणीची गती 'बिट'मध्ये सांगतात आणि फाइलचा आकार 'बाइट'मध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे २ एमबीपीएसच्या जोडणीवरून सेकंदाला २ एमबी येतील अशी अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेलीच. येतात ते फार तर पाव एमबी. या हिशेबाने १ जीबीची फाइल उतरण्यास सुमारे ६७ मिनिटे लागतात, तीही वाटेत दुसरे काहीच चालू नसेल तर.

आता पंचवीस संगणकांची प्रयोगशाळा घेऊ. विंडोजचे मासिक अद्यतन हिशेबापुरते १ जीबीचे मानू. प्रत्येक संगणकाने ते स्वतंत्रपणे आणावयाचे ठरवले तर एकूण २५ जीबी त्या जोडणीवरून यावे लागतील आणि त्यास अखंड सुमारे २८ तास लागतील. याउलट ते एकाच संगणकाने आणले, तर ६७ मिनिटे पुरतात. उरलेल्या चोवीस संगणकांस ते प्रयोगशाळेतील स्थानिक जाळ्यावरून, म्हणजे 'लॅन'वरून देता येते. जुन्या पद्धतीचे १०० एमबीपीएसचे स्विच असले तरी १ जीबीस सुमारे ८० सेकंद लागतात. चोवीस संगणकांचे अर्ध्या तासाच्या आसपास. एकूण पावणेदोन तासांचे काम झाले. २८ तास आणि पावणेदोन तास यांतील हे अंतर जोडणीच्या गतीमुळे पडलेले नाही. एकच फाइल पंचवीस वेळा आणल्यामुळे पडलेले आहे. विंडोजची मोठी वार्षिक आवृत्ती ४ जीबीच्या घरात धरली तर पंचवीस संगणकांस १११ तास लागतील. प्रयोगशाळा रोज सहा तास चालू राहते असे गृहीत धरल्यास हे साडेअठरा कामाचे दिवस होतात.

जोडणीवर अनेक संगणक एकाच वेळी उतरवणी करू लागले की गती त्यांच्यात ढोबळमानाने सारखी विभागली जाते. पंचवीस संगणक अद्यतन आणत असताना कार्यालयातील लिपिक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गुण भरीत असेल, तर त्याच्या वाट्यास २ एमबीपीएसचा सव्विसावा हिस्सा, म्हणजे सुमारे ७७ केबीपीएस येतो. संकेतस्थळ मध्येच बाहेर फेकते, भरलेले पान जाते, आणि दोष विद्यापीठाच्या सर्व्हरला दिला जातो.

असा अनुभव विशिष्ट बुधवारी अधिक येतो, यालाही कारण आहे. मायक्रोसॉफ्टची सुरक्षाविषयक अद्यतने २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे ऋतुमानानुसार रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. बुधवारी सकाळी प्रयोगशाळा उघडते आणि सर्व संगणक एकदमच त्या अद्यतनाकडे धाव घेतात. (महिना बुधवारी सुरू झाला असेल तर हा बुधवार तिसरा असतो, हे दिनदर्शिकेवर खूण करताना लक्षात ठेवावे.)

अद्यतन टाळण्याची किंमत :

मंदगती जोडणी आणि अद्यतन यांचा संघर्ष किती विकोपास जाऊ शकतो याचे उत्तम उदाहरण २००३ मधील 'ब्लास्टर' हा संगणक-कृमी होय. ज्या त्रुटीतून तो शिरत असे, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी दिली होती. कृमी पसरला ११ ऑगस्टला. बाधित संगणकावर साठ सेकंदांची उलटगणती सुरू होई आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. दुरुस्तीची फाइल जेमतेम एक-दीड एमबीची होती. परंतु ५६ केबीपीएसच्या मोडेमवर तीही उतरण्यास तीन मिनिटांच्या आसपास लागत. म्हणजे औषध घरात येण्यापूर्वीच रोगी बेशुद्ध पडत असे. पुढच्या वर्षी आलेल्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल मुळातच चालू ठेवण्यात आली. मात्र त्या पॅकचा पूर्ण आकार सुमारे २६६ एमबी होता आणि मोडेमवर त्यास साडेदहा तास लागले असते. त्यामुळे तो सीडीवरूनही वितरित करावा लागला. संगणकविषयक मासिकांसोबत सीडी मिळण्याचा तो काळ होता. 'पीसी क्वेस्ट'सारखे मासिक लिनक्सची सीडी वाचकांच्या हाती देत असे, आणि उबुंटूच्या सीडी तर २००५ ते २०११ या काळात टपालाने घरपोच विनामूल्य येत. मंदगतीच्या देशात आज्ञावली अशाच पसरल्या.

'आमच्या प्रयोगशाळेत इंटरनेटच नाही, मग आम्हास भय कसले ?' हा युक्तिवादही टिकणारा नाही. २००८ च्या अखेरीस आलेला 'कॉन्फिकर' पेनड्राइव्हवरूनही पसरत असे. त्याने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती २३ ऑक्टोबर २००८ पासूनच उपलब्ध होती. प्रकल्पाची फाइल छापून घेण्यासाठी विद्यार्थी ज्या पेनड्राइव्ह घेऊन येतात, त्या प्रयोगशाळा, झेरॉक्सचे दुकान आणि घर यांमधून फिरलेल्या असतात.

'वॉनाक्राय' हे खंडणीखोर आज्ञावलीचे प्रकरण अधिक परिचित आहे. त्यासंबंधीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली आणि हल्ला १२ मे रोजी झाला. मधल्या ५९ दिवसांत ज्यांनी अद्यतन केले ते त्यातून वाचले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील रुग्णालयांस रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यानंतर दीड महिन्याने, जून २०१७ च्या अखेरीस, 'नॉटपेट्या' आला. तीच त्रुटी हे त्याच्याही प्रसाराचे एक साधन होते. त्याचा फटका महाराष्ट्रातही बसला : न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या कंपनीकडे असलेल्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

महाविद्यालयाच्या संगणकावर बंदराइतकी मोलाची माहिती कोठे असते, असे कोणी म्हणेल. परंतु विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे तपशील, जातीचे दाखले आणि अनेक वर्षांचे गुणपट तेथे असतात. त्यांची दुसरी प्रत अनेकदा त्याच संगणकाच्या 'डी' विभागात ठेवलेली आढळते. खंडणीखोर आज्ञावली तीही सोडत नाही.

एकदा आणावे, सर्वांस द्यावे :

या परिसरातील शेतकऱ्यास ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. कालव्याचे आवर्तन आले की तो शेततळे भरून घेतो आणि पुढे ठिबकने पिकास गरजेप्रमाणे पाणी देतो. प्रत्येक सरीसाठी तो कालव्यापर्यंत स्वतंत्र पाइप टाकीत नाही. प्रयोगशाळेतही एक संगणक असा शेततळ्यासारखा नेमावा. त्याने रात्री, जोडणी मोकळी असताना, अद्यतन आणावे आणि दिवसा इतरांस पुरवावे.

विंडोज १० (२०१५) पासून यासाठी 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सोय प्रणालीतच दिलेली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांत ती सापडते. इतर संगणकांकडून उतरवणीस परवानगी द्यावी आणि केवळ स्थानिक जाळ्यावरील संगणक निवडावेत. इंटरनेटवरील अन्य संगणकांचा पर्याय निवडल्यास आपली अरुंद जोडणी अनोळखी लोकांस अद्यतने पुरवण्यात खर्ची पडते. याच ठिकाणी उतरवणीसाठी गतीची मर्यादाही घालता येते. सोय चालू असूनही लाभ झाला नाही, अशी तक्रार ऐकू येते. त्याचे सर्वांत मोठे कारण असे की सर्व संगणक एकाच क्षणी सुरू केले जातात. कोणाकडेच काही साठलेले नसेल तर कोण कोणास देणार ? आदल्या रात्री एक संगणक चालू ठेवून त्यावर अद्यतन पूर्ण करावे आणि इतर संगणक दुसऱ्या दिवशी सुरू करावेत. याखेरीज ४ जीबीपेक्षा कमी स्मृती असलेले संगणक मूळ मांडणीनुसार या देवाणघेवाणीत भाग घेत नाहीत. वाय-फाय राउटरमध्ये उपकरणांस परस्परांपासून अलग ठेवण्याची सोय चालू असेल तरीही ती होत नाही.

एका विशेष अडचणीकडे येथे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. अनेक प्रयोगशाळांत 'डीप फ्रीझ'सारखी आज्ञावली असते, जी संगणक पुन्हा सुरू होताच विद्यार्थ्यांनी केलेले सर्व बदल पुसून टाकते. विद्यार्थ्यांच्या खोड्यांवर हा उत्तम उपाय आहे. परंतु ती अद्यतनही पुसते. संगणक दिवसभर अद्यतन उतरवतो, सायंकाळी बंद होतो, ते नाहीसे होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जोडणी महिनोन् महिने व्यापलेली राहते आणि संगणक मात्र जुनाच राहतो. अशा आज्ञावलीत देखभालीसाठी 'गोठण' सैल करण्याची वेळ ठरवून देता येते. ती अद्यतनाच्या रात्रीशी जुळवून घ्यावी.

ज्यांना हे सर्व जाळ्यावरून करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' हे संकेतस्थळ आहे. तेथून अद्यतनाची फाइल तिच्या क्रमांकानिशी उतरवून पेनड्राइव्हने नेता येते. विंडोज १० व ११ ची मासिक अद्यतने संचयी असतात, म्हणजे ताज्या अद्यतनात मागील महिन्यांच्या दुरुस्त्या समाविष्ट असतात. सहा महिने खंड पडला तरी सहा फाइली आणाव्या लागत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे 'आता फार साचले आहे' या भीतीने काम पुढे ढकलले जाते.

पेनड्राइव्हचा मार्ग कमीपणाचा मानू नये. मंचर पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटर आहे. चांगल्या जोडणीवरून भरलेली ३२ जीबीची पेनड्राइव्ह घेऊन एखादे प्राध्यापक दोन तासांत महाविद्यालयात पोहोचले, तर त्यांच्या प्रवासाची 'गती' ३५ एमबीपीएसहून अधिक भरते. आपल्या अनेक जोडण्या याच्या पासंगासही पुरत नाहीत.

मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टची 'डब्ल्यूसस' ही मध्यवर्ती व्यवस्था २००५ पासून आहे. परंतु तिला स्वतंत्र सर्व्हर आणि जाणकार मनुष्यबळ लागते. शिवाय तिच्यात नव्या सोयींची भर घालण्यात येणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. एक-दोन प्रयोगशाळांच्या महाविद्यालयाने तिच्या मागे लागू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लिनक्समधील व्यवस्था :

या बाबतीत डेबियन व उबुंटू या प्रणाली अधिक सरळ आहेत. 'ॲप्ट-कॅशर-एनजी' ही छोटी आज्ञावली एका संगणकावर बसवली आणि इतरांस तिच्याकडून संपुटे घेण्यास सांगितले की प्रत्येक संपुट इंटरनेटवरून एकदाच येते. दुसऱ्या संगणकाने तेच मागितले तर ते साठ्यातून मिळते. जेथे जोडणी मुळीच नाही, तेथे 'ॲप्ट-ऑफलाइन' वापरावी. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने ती लिहिली आहे. मंदगतीचा त्रास सोसलेल्या देशात ती निर्माण व्हावी हे उचितच. जोडणी नसलेला संगणक आपणास काय हवे याची यादी फाइलमध्ये लिहून देतो. ती यादी जोडणी असलेल्या कोणत्याही संगणकावर नेऊन संपुटे उतरवावीत. आणि परत आणून बसवावीत. वाण्याकडे यादी पाठवून सामान मागवावे तसाच हा व्यवहार.

खातरजमा व क्रम :

फाइल हातोहात आणताना ती मूळचीच आहे याची खात्री करावी लागते. विंडोजच्या अद्यतन-फाइलींवर अंकीय स्वाक्षरी असते आणि त्यांत फेरफार झाल्यास प्रणाली त्या स्वीकारीत नाही. डेबियनमध्येही संपुटांच्या सूचीवरील स्वाक्षरी तपासली जाते. संपूर्ण प्रणालीची प्रतिमा-फाइल आणली असेल तर मात्र तिची शा-२५६ ही ठशासारखी संख्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या संख्येशी ताडून पाहावी. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' या आज्ञेने ती काढता येते. अनोळखी संकेतस्थळावरील किंवा मित्राकडून मिळालेल्या 'सर्व अपडेट एकत्र' अशा संचांपासून दूर राहावे.

अधिकृत स्रोतही सर्वस्वी निर्धोक नसतो. नॉटपेट्याचा प्रसार युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या अद्यतनातूनच सुरू झाला होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडील विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. म्हणून अद्यतन प्रथम एकाच संगणकावर करावे, दोन-तीन दिवस त्यावर टॅली, मराठी टंकलेखन, छपाई आदी नित्याची कामे करून पाहावीत आणि मगच इतरांस द्यावे. शेततळ्यासारखा नेमलेला संगणक हाच हा पहिला संगणक असला की दोन्ही कामे साधतात. कार्यालयातील, गुणपट असलेल्या संगणकाचा क्रम त्यानंतर लगेच लागावा. प्रयोगशाळेतील पंचविसावा संगणक आठवडाभर थांबला तरी चालतो.

वीज गेल्यास काय, हा प्रश्न आपल्याकडे अटळ आहे. उतरवणी अर्धवट राहिली तरी फारसे बिघडत नाही. विंडोजची 'बिट्स' ही सेवा २००१ पासून उतरवणी जेथे थांबली तेथून पुढे सुरू करते, आणि लिनक्समध्येही तसेच होते. वीज जाणे धोक्याचे ठरते ते अद्यतन बसवले जात असताना. म्हणून रात्री केवळ उतरवून घ्यावे आणि बसवण्याचे काम दिवसा, यूपीएस चालू असताना करावे.

शेवटी विंडोज १० विषयी. या प्रणालीस मिळणारी सर्वसाधारण अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आपल्या प्रयोगशाळांतील अनेक संगणक, टीपीएम २.० ही चिप नसल्याने किंवा प्रक्रियक जुना असल्याने, विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. अशा संगणकांस वाढीव मुदतीची सुरक्षा-अद्यतने शुल्क भरून घेता येतात. ज्या संगणकांवर केवळ टंकलेखन, सादरीकरण आणि संकेतस्थळे पाहणे एवढेच काम होते, ते लिनक्सवर नेण्यास ही योग्य वेळ आहे. त्यासाठी लागणारी प्रतिमा-फाइल काही जीबींची असते. एका पेनड्राइव्हवर ती एकदा आणली की संपूर्ण प्रयोगशाळेस पुरते.